बॅरी बॉन्ड्स किमान पगारात मिळत होता, तरी कोणी घेतला का नाही?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात मुलाने जेवता जेवता विचारलं, "बाबा, बॉन्ड्स एवढा भारी होता तर त्याने खेळणं सोडलं कशाला?" म्हटलं, त्याने कुठे सोडलं, त्याला कोणी घेतलंच नाही. पोराला पटेना. समजावायला बसलो आणि वरण गार होईपर्यंत लक्षात आलं की ते मलाही नीट पटलेलं नाही, इतकी वर्षं झाली तरी. म्हणून हा धागा. बेसबॉल बघणारी इथे चार-पाच टाळकी असतील. बाकीच्यांनी क्रिकेटची उदाहरणं आणू नयेत असं लिहिणार होतो, पण ती येणारच, तेव्हा या.

आधी हकीकत. २००७ चा हंगाम. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बॅरी बॉन्ड्स जुलैत ४३ वर्षांचा झाला. गुडघ्यांची वाट लागलेली. २००५ मध्ये ऑपरेशनांपायी जेमतेम १४ सामने खेळला होता. तरी २००७ मध्ये १२६ सामने, २८ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपल्या सिक्सरसारखा), १३२ वॉक. ज्यांना हे आकडे कळत नाहीत त्यांच्यासाठी: तो शंभर वेळा बॅटिंगला आला की ४८ वेळा बाद न होता बेसवर पोचायचा. त्या वर्षी अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीग मिळून हे दुसऱ्या कोणालाही जमलं नव्हतं.

७ ऑगस्टला त्याने ७५६ वा होमरन मारून हँक आरनचा कारकिर्दीतल्या होमरनचा विक्रम मोडला. २१ सप्टेंबरला जायंट्सने जाहीर केलं, पुढच्या वर्षी हा आमच्याकडे नसेल. १५ नोव्हेंबरला आरोपपत्र: २००३ मध्ये बाल्को प्रकरणात (खेळाडूंना स्टेरॉइड्स पुरवणारी प्रयोगशाळा) ग्रँड ज्युरीपुढे खोटी साक्ष दिली आणि न्यायाच्या कामात अडथळा आणला. महिन्याभरात, १३ डिसेंबरला, मिचेल अहवाल, म्हणजे बेसबॉलमधल्या औषधांच्या चौकशीचा. आणि २००८ उजाडल्यावर त्याचा एजंट जेफ बॉरिस सांगत फिरत होता की गडी किमान पगारावर यायला तयार आहे. किमान पगार म्हणजे ३ लाख ९० हजार डॉलर. आदल्या वर्षीचा त्याचा करार होता १ कोटी ५८ लाखांचा. क्लब ३०. एकानेही करार पुढे केला नाही.

माझं मत शेवटी सांगेन म्हणतो, आधी तुमची येऊ देत.

ठोंब्या

स्टेरॉइड्स. विषय संपला. धागा बंद करा, झोपा.

मिडविकेट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वॉक म्हणजे काय ते आधी सांगा राव, फिरायला जातो का हा?

खाडीपलीकडचा

@मिडविकेट, पिचरने चार चेंडू बॅटरच्या पट्ट्याबाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. चार वाइडवर एक सिंगल समजा. मुद्दामही देता येतो. बॉन्ड्सला कारकिर्दीत असे मुद्दाम दिलेले वॉक ६८८. त्याच्या खालोखाल पुहोल्स आहे, ३१६. १९९८ मध्ये ॲरिझोनाच्या मॅनेजरने तर बेस तिन्ही भरलेले असताना त्याला मुद्दाम वॉक दिला. म्हणजे स्वतःहून एक रन पदरात घातला, पण याला खेळू दिलं नाही. आणि सामना जिंकले, ८-७.

२००४ मध्ये माझे वडील मिरजेहून आले होते. त्यांना हौसेने स्टेडियमवर नेलं, उजवीकडच्या वरच्या मजल्यावर, जिथून खाडीतल्या होड्या दिसतात. लोक खाली पाण्यात जाळी घेऊन बसलेले असायचे, बॉन्ड्सचा चेंडू झेलायला. त्या वर्षी त्याला एकट्याला १२० मुद्दाम वॉक मिळाले, त्यातला एक आमच्यासमोर. वडील म्हणाले, "अरे, पैसे भरून आलोय आपण, आणि हे याला चेंडूच टाकत नाहीत?" पुढची अर्धी मॅच ते चिडून होड्या बघत होते.

@ठोंब्या, इतकं सोपं असतं तर धागा काढला नसता. मिचेल अहवालात ८९ नावं होती. अँडी पेटिटचं होतं, त्याने कबूलही केलं, आणि २००८ मध्ये यँकीजकडे १ कोटी ६० लाखांवर खेळला. जेसन जियांबीचं होतं, तोही यँकीज. एरिक गान्येने अहवालाच्या काही दिवस आधी मिलवॉकीशी १ कोटीचा करार केला होता, तो तसाच राहिला. गॅरी शेफिल्ड तर बाल्को प्रकरणातलाच. डेट्रॉइटने सोडल्यावर वयाच्या ४० व्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सने त्याला घेतलं आणि एप्रिल २००९ मध्ये त्याने तिथे ५०० वा होमरन मारला. औषधं सगळ्यांची, दार एकट्याचंच बंद. का?

गणिती घुबड

भावना बाजूला ठेवून जरा मोजू या. ३० क्लब हा आकडा फसवा आहे.

२००८ मध्ये नॅशनल लीगमध्ये डीएच नव्हता. डीएच म्हणजे जो फक्त बॅटिंग करतो, फील्डिंगला जात नाही. अमेरिकन लीगमध्ये ही सोय १९७३ पासून आहे, नॅशनलमध्ये कायमची आली ती २०२२ ला. ४३ वर्षांच्या, गुडघे गेलेल्या माणसाला लेफ्ट फील्डला उभं करायचं म्हणजे त्याच्या बाजूला गेलेला प्रत्येक चेंडू एक बेस जास्तीचा. तेव्हा नॅशनलचे १६ क्लब जवळजवळ बाद. उरले १४.

त्यातल्या बॉस्टनकडे ऑर्टिझ, क्लीव्हलंडकडे हाफनर, डेट्रॉइटकडे शेफिल्ड, व्हाइट सॉक्सकडे टोमी, टोरांटोकडे फ्रँक थॉमस. यँकीजकडे पगार चालू असलेले म्हातारे इतके की डीएचसाठी रांग लागलेली. म्हणजे खरी रिकामी खुर्ची चार-पाच ठिकाणी. तीसपैकी तीस नाही म्हणाले हे ऐकायला भयंकर वाटतं. पाचपैकी पाच नाही म्हणाले हे तितकं नाही वाटत.

आता माझ्याच हिशोबाची दुसरी बाजू. त्या पाचांत सिॲटल होतं. त्यांचा डीएच होसे विद्रो, त्याने .२३४ ची सरासरी काढली आणि ऑगस्टमध्ये त्यालाही घरी पाठवला. त्या वर्षी सिॲटल १०१ सामने हरलं. पगारावर १० कोटींहून जास्त डॉलर खर्चून १०० सामने हरलेला इतिहासातला पहिला संघ. तिथे ३ लाख ९० हजारांत बॉन्ड्स बसला असता तर आणखी वाईट काय होणार होतं?

खाडीपलीकडचा

आणि ओकलंड! मी फ्रीमाँटला राहतो, मला ओकलंडचं स्टेडियम जायंट्सपेक्षा जवळ. एप्रिल २००८ मध्ये टोरांटोने फ्रँक थॉमसला सोडलं आणि चारच दिवसांत ओकलंडने त्याला उचललं. वय ३९, मे महिन्यात ४० होणार. अख्ख्या हंगामात त्याचे ८ होमरन झाले. पूल ओलांडला की दुसऱ्या काठावर बॉन्ड्स घरी बसलेला. थॉमस कोण, तर मिचेलच्या चौकशीत स्वतःहून जाऊन बोललेला तेव्हाचा एकमेव सक्रिय खेळाडू. म्हणजे म्हातारा चालत होता, धिमा चालत होता, फक्त स्वच्छ हवा होता.

गणिती घुबड

हो, पण टेक्सस? त्यांनी त्या वर्षी मिल्टन ब्रॅडलीला घेतलं. अंपायरशी भांडण, प्रेक्षकांशी भांडण, स्वतःच्याच मॅनेजरशी भांडण, अशी त्याची ख्याती. अमेरिकन लीगमध्ये त्याचं बेस गाठण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, .४३६, म्हणजे शंभरात जवळजवळ ४४ वेळा. तेव्हा "आम्हाला कटकट नको" हे कारण सरसकट चालत नाही. कटकट चालते, पण तिचं वय ३० असावं लागतं.

ठोंब्या

बरं, म्हणजे म्हातारा चालतो, कटकट्या चालतो, औषध घेणारा चालतो. तिन्ही एकत्र चालत नाही. झालं की उत्तर!

शेवंती

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण एच.आर. मध्ये १९ वर्षं काढली आहेत, म्हणून विचारते. एवढं घाबरायचं काय होतं? किमान पगार, एका वर्षाचा करार. पटलं नाही तर महिन्याभरात काढून टाकायचं. आमच्याकडे प्रोबेशनवर आम्ही याहून विचित्र माणसं घेतली आहेत.

अण्णा_पिट्सबर्ग

शेवंतीताई, तुमच्या प्रोबेशनवाल्याच्या मागे चाळीस वार्ताहर येत नसतील.

मी १९८९ पासून पिट्सबर्गला आहे. बॉन्ड्स आमचा होता, १९८६ ते ९२. जायंट्सवाल्यांना तो डोकं फुगलेला, शरीर फुगलेला आठवतो. आम्हाला तो सडपातळ, हरणासारखा पळणारा आठवतो. १९९० आणि ९२ चे एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) त्याने आमच्या शर्टात मिळवले, आणि तेव्हा औषधांचं नावही कोणी घेत नव्हतं. पण स्वभाव तेव्हाही तोच. १९९१ च्या सराव शिबिरात जिम लेलँड, म्हणजे आमचा मॅनेजर, कॅमेऱ्यांसमोर त्याच्यावर असा काही बरसला होता की ती फीत इथले लोक अजून काढून बघतात. पुढे जायंट्सकडे तर क्लबहाउसमध्ये त्याची वेगळी आरामखुर्ची, त्याची स्वतःची माणसं. २००२ मध्ये सॅन डिएगोला डगआउटमध्येच जेफ केंटशी झटापट, तीही टीव्हीवर.

लोक म्हणतात खेळाडू चांगला असला की सगळं खपतं. खपतं, पण उधारीवर. रोज होमरन मारतोय तोवर उधारी चालू राहते, ज्या दिवशी दुकान बंद होतं त्या दिवशी वाणी वही काढतो. बावीस हंगामांत बॉन्ड्सने त्या वहीत एवढं लिहून ठेवलं होतं की २००८ ला त्याच्यासाठी एक फोन करणारा माणूस कुठल्या क्लबात नव्हता. सेंट लुइसचा मॅनेजर टोनी ला रूसा याने नाव काढून पाहिलं, तर वरच्यांनी नकार दिला. नाव काढलं तेही बॉन्ड्सच्या प्रेमाने नव्हे, त्याला रन हवे होते म्हणून.

आणि हो, १९९२. सात सामन्यांच्या मालिकेतला सातवा सामना, नववा डाव, लेफ्ट फील्डमधून बॉन्ड्सचा थ्रो, समोरच्या संघाचा सिड ब्रीम जगातला सगळ्यात धिमा माणूस, आणि तरी तो थ्रोच्या आधी पोचला आणि आम्ही हरलो. त्यानंतर बॉन्ड्स गेला आणि आम्ही सलग २० वर्षं हरलो. मला या माणसाबद्दल निःपक्षपातीपणे बोलता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मिडविकेट

माफ करा, आता मी आणतोच क्रिकेट. जानेवारी २०१०, आयपीएलचा लिलाव. यादीत ११ पाकिस्तानी खेळाडू. आदल्याच जूनमध्ये पाकिस्तानने टी-२० चा वर्ल्डकप जिंकलेला. आफ्रिदीसुद्धा यादीत. आठ संघ. एकाही खेळाडूवर एकही बोली नाही. विचारलं तर प्रत्येक संघ म्हणतो, आम्ही आमचा विचार केला, ते हंगामभर येऊ शकतील की नाही याची खात्री नव्हती. आठ जण स्वतंत्रपणे विचार करतात आणि आठही हात खाली राहतात. याला काय म्हणायचं?

ठोंब्या

राजकारण वेगळं आणि हे वेगळं. उगाच काहीही जोडू नका. पाकिस्तानवर गेला की धागा द्विशतक मारून कुलूपबंद होणार.

मिडविकेट

कारण वेगळं आहे, मान्य. मी फक्त हातांबद्दल बोलतोय.

कोर्टाची_पायरी

मिडविकेट यांनी नकळत नेमका कायद्याचा मुद्दा मांडला आहे. अमेरिकेत काही वर्षं कामगार कायद्याचं काम केलं आहे, थोडं लांबेल.

बेसबॉलमध्ये खेळाडूंची युनियन आणि मालक यांच्यातल्या करारात स्पष्ट कलम आहे की क्लबांनी खेळाडू घेताना आपसात संगनमत करायचं नाही. हे कलम शोभेचं नाही. १९८५, ८६ आणि ८७ असे तीन हिवाळे मालकांनी खरोखर संगनमत केलं होतं. कमिशनर, म्हणजे बेसबॉलचे सगळ्यात वरचे अधिकारी, होते पीटर युबेरॉथ. चांगले चांगले मोकळे खेळाडू बाजारात आणि गिऱ्हाईकच नाही. आंद्रे डॉसन इतका वैतागला की शिकागो कब्जच्या ऑफिसात कोरा करार सही करून ठेवून आला, आकडा तुम्ही घाला म्हणून. त्यांनी ५ लाख घातले. त्या वर्षी त्याने ४९ होमरन मारले आणि एमव्हीपी झाला. प्रकरण लवादाकडे गेलं, मालक हरले, आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

त्याच काळातला डेव्ह किंगमन बॉन्ड्सचा खरा पूर्वज आहे, त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी घेतो. १९८६ मध्ये ओकलंडकडून ३५ होमरन, वय ३७. त्याच हंगामात त्याने एका महिला वार्ताहराला खोक्यात जिवंत उंदीर पाठवला होता. का, तर बायका क्लबहाउसमध्ये येतात हे साहेबांना खपत नव्हतं. हंगाम संपला, आणि मोठ्या लीगमध्ये त्याला पुन्हा कोणी घेतलं नाही. शेवटच्या हंगामात सगळ्यात जास्त होमरनचा विक्रम पुढची ३० वर्षं त्याच्या नावावर होता. २०१६ मध्ये ऑर्टिझने ३८ मारून तो मोडला. आता गंमत बघा. किंगमन त्रासदायक होता, म्हातारा होता, बेसवर पोचण्यात सुमार होता. त्याला न घेण्याची कारणं बॉन्ड्सच्या दसपट. तरी संगनमताच्या निकालात त्याला भरपाई मिळाली, ८ लाखांहून जास्त. कारण त्या वर्षी संगनमत झाल्याचं सिद्ध झालेलं होतं.

बॉन्ड्सला काहीच मिळालं नाही. त्याची तक्रार लवाद फ्रेडरिक होरोविट्झ यांच्यापुढे चालली आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या विरोधात निकाल लागला. सगळे सारखे वागले एवढं पुरत नाही. ते ठरवून सारखे वागले हे दाखवावं लागतं: पत्र, फोन, बैठक, कोणाची तरी कबुली. पावसात शंभर जण छत्र्या उघडतात म्हणून त्यांनी कट केला असं होत नाही.

गणिती घुबड

छत्रीचं उदाहरण आवडलं. आरोपपत्र हाच तो पाऊस. कोणता क्लब म्हणेल की जूनमध्ये आमचा चौथ्या क्रमांकाचा बॅटर फेडरल कोर्टात असेल, जुलैत बहुतेक येईल?

कोर्टाची_पायरी

आणि तारखाही कोणाला माहीत नव्हत्या. खटला उभा राहायलाच मार्च २०११ उजाडला, कारण पुराव्याच्या मुद्द्यावर सरकार मध्येच अपिलात गेलं. त्याचा ट्रेनर ग्रेग अँडरसन साक्ष द्यायला नकार देऊन तुरुंगात जाऊन बसला, पण बोलला नाही. अखेर खोट्या साक्षीच्या तिन्ही आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं नाही. फक्त अडथळ्याच्या एका आरोपावर दोषी, आणि तो कशाबद्दल? सुईने टोचायचं काही दिलं का, या प्रश्नावर त्याने आपण नामवंत खेळाडूच्या घरात कसे वाढलो याचं पाल्हाळ लावलं, त्याबद्दल. ३० दिवस घरात नजरकैद. २०१५ च्या एप्रिलमध्ये वरच्या कोर्टाने तेही १० विरुद्ध १ असं रद्द केलं. म्हणजे एकाच वर्षात फौजदारीतून सुटला आणि चार महिन्यांनी लवादाकडे हरला. शिक्षा गेली, नोकरी मात्र आली नाही. तोवर वय ५१.

शेवंती

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. घेऊन काढून टाकायला काय हरकत होती?

खाडीपलीकडचा

शेवंतीताई, काढणं हीच मोठी बातमी झाली असती. नोकरीवर घेतल्याची एक पत्रकार परिषद, काढल्याची दुसरी, आणि मधले सगळे दिवस प्रत्येक गावात मॅनेजरला सामन्याआधी तोच एक प्रश्न. तरुण पोरांनाही तोच प्रश्न. २५ जणांच्या संघात एक जागा पगाराने स्वस्त आणि बाकी सगळ्या अर्थांनी महाग.

पण मला वाटतं खरं उत्तर तुमच्या क्षेत्रातलंच आहे. माणसाला कशासाठी ठेवला होता, ते काम संपलं का? जायंट्सने २००७ ला १ कोटी ५८ लाख दिले ते काय २८ होमरनसाठी? संघ तर ९१ सामने हरून तळाला गेला. ते पैसे ७५६ साठी होते. तो आकडा आमच्या गावात, आमच्या तिकिटांवर व्हावा म्हणून. ३२ लाख लोक आले त्या वर्षी. ७ ऑगस्टची रात्र झाली आणि बॉन्ड्सकडे विकण्यासारखं काही उरलं नाही. त्यानंतरचा प्रत्येक होमरन म्हणजे विक्रमावर आणखी एक थर, आणि तो थर बाहेर कोणालाच नको होता. ७५६ वा चेंडू लिलावात विकत घेणाऱ्याने इंटरनेटवर मतदान घेऊन त्यावर फुलीसारखी तारा-खूण उमटवली, म्हणजे विक्रम डागाळलेला, आणि थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयाला धाडून दिला. अशा माणसाने दुसऱ्या कुठल्या गावात ७६३ वा मारला असता तर तिथे लोकांनी कसली टाळी वाजवायची?

अण्णा_पिट्सबर्ग

हे पटलं. आणि जायंट्स त्याच्याशिवाय २०१० ला जगज्जेते झाले, हेही विसरू नका. लिन्सेकम, पोझी ही पोरं. मोठं झाड पडलं की खालच्या रोपांना ऊन मिळतं.

गणिती घुबड

ॲलेक्स रॉड्रिग्ज? त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २००७ ला, यँकीजने त्याच्याशी दहा वर्षांचा २७ कोटी ५० लाखांचा करार केला. पुढे तोही औषधात सापडला, २०१४ चा अख्खा हंगाम निलंबित. २०१५ ला परत आला, चाळिशीत ३३ होमरन. त्याला घेतलं कारण करार होता, पैसे द्यायचेच होते. तो त्या वेळी बाजारात मोकळा असता तर? माझ्या मते कोणी विचारलं नसतं. हातात कागद असलेला बदनाम आणि कागद नसलेला बदनाम, एवढाच फरक.

खाडीपलीकडचा

सगळ्यात नेमकं. माझं मत शेवटी सांगतो म्हटलं होतं, ते यावरच येतं.

४ ऑगस्ट २००७, सॅन डिएगो. बॉन्ड्सने ७५५ वा मारून आरनची बरोबरी केली. कमिशनर बड सीलिग स्टेडियममध्ये हजर. स्वतः मिलवॉकीचे, आरनचे जुने दोस्त, आरन शेवटची दोन वर्षं त्यांच्याच संघाकडून खेळला होता. चेंडू भिंतीपलीकडे गेला, आजूबाजूचे लोक उठले, सीलिगही उठले, आणि दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले. मी ते घरी टीव्हीवर पाहिलं. बायको म्हणाली, "त्यांना थंडी वाजतेय का?" ऑगस्टमध्ये, सॅन डिएगोला! तीन दिवसांनी ७५६ झाला तेव्हा ते आलेच नाहीत.

संगनमत सिद्ध झालं नाही, आणि मला वाटतं झालंही नसेल, कागदावरचं तर नाहीच. त्याची गरजच नव्हती. तीस मालकांनी टीव्हीवर ते दोन हात पाहिले होते. कोणाला फोन करायचा, काय ठरवायचं? साहेबांच्या मनात काय आहे ते कळायला आपल्याकडे तरी कुठे परिपत्रक निघतं? वय होतं, गुडघे होते, खटला होता, स्वभाव होता, आणि ही सगळी कारणं खरी होती. खरी असल्यामुळेच तर प्रत्येकाला हात खिशात ठेवणं सोपं गेलं.

कोर्टाची_पायरी

काव्य म्हणून उत्तम. लवादापुढे मात्र खिशातले हात हा पुरावा होत नाही.

खाडीपलीकडचा

म्हणूनच तो हरला ना, वकीलसाहेब.

ठोंब्या

तरी मी म्हणतो, स्टेरॉइड्स घेतली नसती तर यातलं काहीच झालं नसतं. २०२२ ला हॉल ऑफ फेमसाठी पत्रकारांच्या शेवटच्या मतदानात त्याला ६६ टक्के पडले. हवे होते ७५. पत्रकारांनाही कोणी फोन केला नव्हता. प्रत्येकाने आपापलं मत दिलं.

शेवंती

६६ टक्के म्हणजे दोन तृतीयांश लोक हो म्हणाले आणि तरी बाहेर! इथे मला उलट त्याची जरा दया आली.

मिडविकेट

मला वडिलांचं पटलं. पैसे भरून जायचं आणि चेंडूच टाकायचे नाहीत. खाडीपलीकडचे, तो वॉक दिल्यावर पुढे काय झालं त्या मॅचमध्ये?

खाडीपलीकडचा

आठवत नाही हो. होड्या आठवतात. वडील गेले २०१६ ला. बॉन्ड्स त्या वर्षी मायामीला बॅटिंगचा कोच होता, म्हणजे शिकवायला चालत होता. एक हंगाम, मग तेही संपलं.

अण्णा_पिट्सबर्ग

दोन दिवस प्रवासात होतो, आत्ता सगळं वाचलं. एक राहिलं म्हणून लिहितो. ऑगस्ट २०२४ ला पायरेट्सने, म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या संघाने, आपल्या हॉल ऑफ फेममध्ये बॉन्ड्सला घेतलं. त्याच दिवशी लेलँडलाही. १९९१ ला शिबिरात एकमेकांवर ओरडणारे दोघे एका समारंभात. आमच्या गल्लीतले बरेच जण गेले होते, काही जण हुर्यो करायचं ठरवूनच गेले होते. मी गेलो नाही. टीव्ही लावून बसलो. पांढरे केस झालेत त्याचे, वजन उतरलंय, जवळजवळ तेव्हासारखा दिसतो. टाळ्या पडल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं, मी पण वाजवल्या.